पक्ष्यांच्या अंतःस्रावी ग्रंथी : तौलनिक शारीर आणि वैद्यांसाठी त्यातील बोध

प्रास्ताविक

बी.ए.एम.एस. अभ्यासक्रमात आपण सर्वांनीच मानवी अंतःस्रावी ग्रंथींचा अभ्यास केलेला असतो. अवटु ग्रंथी कंठाच्या पुढील भागी, अधिवृक्क ग्रंथी वृक्काच्या शिरोभागी, इन्शुलिन निर्माण करणारी द्वीपके स्वादुपिंडात, हे चित्र मनावर इतके ठसलेले असते की ग्रंथीचे स्थान, तिचा आकार व तिचे कर्म या तिन्ही गोष्टी अविभाज्य आहेत असे आपण धरून चालतो. पुढे व्यवसायात स्थिरावल्यावर याच चित्रावर आयुर्वेदीय संज्ञा बसविण्याचा मोह होतो. अवटु ग्रंथी म्हणजे धात्वग्नीचे स्थान, अमुक संप्रेरक म्हणजे अमुक पित्त, अशी समीकरणे परिसंवादांत व शोधनिबंधांत वारंवार आढळतात.

ही समीकरणे कितपत टिकतात हे पाहण्यासाठी पक्ष्यांचे शारीर हे उत्तम साधन आहे. पक्षी सस्तन प्राण्यांप्रमाणेच उष्णरक्ताचे आहेत. त्यांच्या रक्तातील संप्रेरकेही बहुतांशी आपल्याशी जुळणारी आहेत. मात्र ती निर्माण करणाऱ्या ग्रंथींची मांडणी अनेक ठिकाणी निराळी आहे. कर्म तेच, परंतु स्थान व रचना वेगळी, हा विषय प्रस्तुत लेखात मुख्यतः कोंबडी, कबूतर व बदक या परिचित पक्ष्यांच्या आधारे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. रुग्णांकडून आज हमखास विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचाही त्या ओघात विचार केला आहे.

अंतःस्रावी विज्ञानाचा आरंभ

या शास्त्राचा पहिला प्रयोग पक्ष्यावरच झाला, असे मानले जाते. १८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. त्यांपैकी दोघांचे दोन्ही वृषण काढून टाकले. त्यांचा तुरा वाढला नाही, आरवणे व झुंजणे ही लक्षणेही प्रकट झाली नाहीत. उरलेल्या चौघांत एकेक वृषण उदरात मोकळा ठेवला. दोघांत तो स्वतःचाच होता, तर दोघांत परस्परांचा बदललेला. हे चौघेही सामान्य कोंबड्याप्रमाणे वाढले. पुढे विच्छेदन केले असता त्या वृषणांना नवीन रक्तवाहिन्या फुटल्याचे दिसले; मूळच्या नाड्यांशी मात्र त्यांचा काहीही संबंध उरलेला नव्हता. म्हणजे वृषणाचा प्रभाव नाडीमार्गे नव्हे, तर रक्तामार्गे सर्व शरीरावर होतो. 'हॉर्मोन' हा शब्द रूढ होण्यापूर्वी सुमारे अर्धशतक हा निष्कर्ष निघाला होता. अवयवाचे मूळ स्थान सुटले तरी त्याचे कर्म सुटले नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

अवटु, परावटु आणि अल्टिमोब्रँकियल ग्रंथी

कोंबडीचे विच्छेदन करताना मानवी शारीराच्या अनुभवावरून स्वरयंत्राजवळ अवटु ग्रंथी शोधल्यास ती तेथे सापडत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंस लांबवर पसरलेल्या फिकट खंडांची जी माळ दिसते ती थायमस ग्रंथीची होय. अवटु ग्रंथी त्याहून खाली, मान जेथे उरःपोकळीत शिरते तेथे, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंस ग्रीवा धमनीला चिकटून असतात. त्या दोन असून पूर्णतः स्वतंत्र, अंडाकृती व तांबूस असतात. माणसात दोन खंडांना जोडणारा जो सेतू असतो तो पक्ष्यांत नाही.

सूक्ष्म रचना मात्र परिचित आहे. तीच पुटके, तोच कोलॉइड व तीच थायरॉक्सिन आणि ट्रायआयोडोथायरोनिन ही संप्रेरके. फरक आहे तो रक्तातील वहनात. माणसात थायरॉक्सिनला घट्ट धरून ठेवणारे प्रथिन असल्याने त्याचा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा असतो. पक्ष्यांत हे बंधन सैल असल्याने तो काही तासांवर येतो. पिसे झडणे व नवी येणे, शरीराची उष्णता राखणे आणि ऋतुमानानुसार प्रजननाचा आरंभ व शेवट या सर्वांत या ग्रंथीचा सहभाग आहे.

अवटु ग्रंथीच्या खालच्या टोकाशी फिकट पिवळ्या, अगदी लहान परावटु ग्रंथी असतात. त्यांच्याही खाली आणखी एक लहानशी ग्रंथी दिसते. हीच अल्टिमोब्रँकियल ग्रंथी. मानवी शारीराच्या पुस्तकात स्वतंत्र अवयव म्हणून तिला स्थान नाही. कारण गर्भावस्थेतच तिच्या पेशी अवटु ग्रंथीत मिसळून जातात व पुढे 'सी' पेशी म्हणून ओळखल्या जातात. पक्ष्यांत हे विलीनीकरण होत नाही.

कॅल्सिटोनिन या संप्रेरकाच्या उगमाचा वाद याच फरकामुळे मिटला. १९६०च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील हॅरोल्ड कॉप यांनी रक्तातील कॅल्शियम कमी करणारे संप्रेरक शोधून त्यास हे नाव दिले. ते परावटु ग्रंथीतून येत असावे असे त्यांचे प्रथम मत होते. इतर संशोधकांनी ते अवटु ग्रंथीतून येते असे दाखविले. १९६७ साली कॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीतील ग्रंथी वेगवेगळ्या काढून तपासल्या, तेव्हा कॅल्सिटोनिन अल्टिमोब्रँकियल ग्रंथीत भरपूर मिळाले. अवटु ग्रंथीत मात्र मिळाले नाही. माणसात जे एकाच आवरणात बांधलेले असते ते पक्ष्याने सुटे करून दाखविले. ज्या ग्रंथीला आपण एक म्हणतो ती वस्तुतः दोन भिन्न उगमांच्या पेशींची वस्ती आहे. तेव्हा समग्र अवटु ग्रंथीस एकाच अग्नीचे स्थान ठरविणारे समीकरण यांपैकी कोणत्या पेशींना लागू करावयाचे, असा प्रश्न येथे उभा राहतो.

अंड्याचे कवच व अस्थिधातू

कॅल्शियमचा विषय निघालाच आहे, तर कोंबडीच्या शरीरातील एक अद्भुत व्यवहार पाहू. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. कवच घडण्यास वीस तासांच्या आसपास वेळ लागतो व त्याचा बराचसा भाग रात्री, म्हणजे कोंबडी काही खात नसताना येतो. हे कॅल्शियम येते कोठून? अंडी देण्याचा काळ जवळ येताच इस्ट्रोजेनच्या प्रभावाने मादीच्या लांब अस्थींच्या पोकळीत एक वेगळीच, जाळीदार अस्थी तयार होते. तिला मज्जा-अस्थी म्हणता येईल. ही अस्थी प्रामुख्याने भार पेलण्यासाठी नसून साठवणीसाठी असते. रात्री परावटु संप्रेरकाच्या प्रेरणेने ती झिजते आणि दिवसा आहारातून पुन्हा भरली जाते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या रक्तातील एकूण कॅल्शियम १०० मि.लि. मागे २० ते ३० मि.ग्रॅ. असते, म्हणजे आपल्या दुपटीहून अधिक.

कुक्कुटाण्डत्वक् भस्म आपण प्रदरादी विकारांत वापरतो. ज्या कवचापासून ते सिद्ध होते, ते बीजकोशाच्या प्रेरणेने अस्थीतून उतरून आलेले द्रव्य आहे, हे ध्यानी घेतल्यास आर्तव व अस्थी यांच्या परस्परसंबंधाचा विचार करण्यास एक नवी दिशा मिळते. तथापि यावरून भस्माची कार्मुकता सिद्ध झाली असे मानू नये. त्यासाठी स्वतंत्र चिकित्सकीय अभ्यासच आवश्यक आहे.

अधिवृक्क ग्रंथी

वृक्काच्या वरच्या टोकाशी, प्रजनन ग्रंथींना जवळजवळ चिकटून, पिवळसर रंगाच्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. सस्तन प्राण्यांत या ग्रंथीचा छेद घेतल्यास बाहेर कवच व आत गाभा असे दोन स्पष्ट थर दिसतात. कवचातून स्टेरॉइड संप्रेरके व गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन, हे आपण पाठ केलेले असते. पक्ष्यांत असे थर नाहीत. दोन्ही प्रकारच्या ऊती एकमेकींत गुंतलेल्या असतात, जणू दोन रंगांचे धागे एकत्र विणले आहेत. तरीही दोन्ही आपापले कर्म व्यवस्थित करतात. आपल्या शरीरात प्रमुख असलेल्या कॉर्टिसॉलऐवजी पक्ष्यांत कॉर्टिकोस्टेरॉन प्रमुख असते. म्हणून पक्ष्यांतील ताणाचा अभ्यास करताना कॉर्टिसॉल मोजून निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

स्वादुपिंड व रक्तशर्करा

प्रमेहाच्या दृष्टीने हा भाग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. कोंबडीचे स्वादुपिंड ग्रहणीच्या लांबट वळणात बसलेले, फिकट व अनेक खंडांचे असते. त्याचा एक छोटा खंड प्लीहेच्या दिशेने गेलेला असतो. मानवी द्वीपकांत विविध पेशी एकत्र नांदतात. पक्ष्यांत ग्लुकॅगॉनप्रधान मोठी द्वीपके व इन्शुलिनप्रधान लहान द्वीपके अशी विभागणी दिसते. ग्लुकॅगॉनचे प्रमाण सस्तन प्राण्यांच्या तुलनेत कित्येक पट अधिक असते. 'पॅन्क्रिॲटिक पॉलिपेप्टाइड' हे संप्रेरकही प्रथम कोंबडीच्याच स्वादुपिंडातून, इन्शुलिन शुद्ध करीत असताना, १९६८ साली हाती लागले.

निरोगी कोंबडीची रक्तशर्करा १०० मि.लि. मागे २०० मि.ग्रॅ.च्या वर असते. हाच आकडा माणसाच्या अहवालात आला तर आपण तत्काळ मधुमेहाचा विचार करू. पक्ष्याची ती प्रकृती आहे. आपल्या स्नायूंत इन्शुलिनच्या सांगण्यावरून शर्करा आत घेणारा 'ग्लुट-४' नामक वाहक असतो, तो पक्ष्यांत आढळत नाही. सतत उच्च शर्करा असूनही अनेक पोपट कित्येक दशके जगतात. आकडा एकच, परंतु एका देहात तो प्रकृतीचा तर दुसऱ्यात विकृतीचा द्योतक ठरतो. प्रकृतिज्ञानावाचून मापन व्यर्थ, हे आपल्या शास्त्राचे म्हणणे येथे मूर्तिमंत उभे राहते.

पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही यात इशारा आहे. अ‍ॅलोक्सान व स्ट्रेप्टोझोटोसिन ही रसायने उंदरांत बीटा पेशी नष्ट करून मधुमेह उत्पन्न करतात. कोंबडी व बदक यांच्यावर मात्र त्यांचा तसा परिणाम होत नाही. प्राणी निवडताना त्याचे तौलनिक शारीर न पाहता प्रयोग आखल्यास औषधी उत्तम असूनही निष्कर्ष निरर्थक ठरू शकतो.

पीयूषिका ग्रंथी, दुग्ध आणि प्रकाश

पीयूषिका, म्हणजेच पिट्युटरी ग्रंथी, पक्ष्यांतही मेंदूच्या तळाशीच असते. पण पूर्वखंड व पश्चखंड यांमधील मध्यखंड तिच्यात नसतो आणि त्याचे काम पूर्वखंडातील पेशी करतात. पश्चखंडातून व्हॅसोप्रेसिन व ऑक्सिटोसिन यांऐवजी त्यांची भावंडे शोभतील अशी व्हॅसोटोसिन व मेसोटोसिन ही संप्रेरके स्रवतात. व्हॅसोटोसिन शरीरातील पाणी राखते व गर्भाशयाचे आकुंचन करून अंडे बाहेर टाकण्यासही साहाय्य करते. सस्तन प्राण्यांत जी दोन कामे दोन संप्रेरकांनी वाटून घेतली, ती येथे एकानेच उचलली आहेत.

प्रोलॅक्टिनची कथा अधिक रंजक आहे. कबुतराला स्तन नाहीत. तरीही नर व मादी दोघेही पिलांना अन्नपिशवीत तयार झालेले 'दूध' भरवितात. अन्नपिशवीच्या अस्तरातील पेशी वाढून व सुटून हा दह्यासारखा पदार्थ बनतो. १९३०च्या दशकात ऑस्कर रिडल व सहकाऱ्यांनी हे कार्य पीयूषिकेतील प्रोलॅक्टिनचे असल्याचे दाखविले. पुढे कित्येक वर्षे सस्तन प्राण्यांतील प्रोलॅक्टिनचे मापनही कबुतराच्या अन्नपिशवीवरच केले जाई. स्तन्य-संप्रेरक म्हणून आपण ज्यास ओळखतो ते स्तनाशिवायही अपत्यपोषणाचे कर्म घडविते.

प्रकाशाशी पक्ष्याचे नाते डोळ्यांपुरते मर्यादित नाही. त्यांच्या पिनियल ग्रंथीतील पेशी स्वतः प्रकाश ओळखू शकतात. सस्तन प्राण्यांत ही क्षमता उरलेली नाही व ग्रंथीला नेत्रांकडून येणाऱ्या निरोपावर अवलंबून राहावे लागते. १९६८ साली चिमण्यांवर झालेल्या प्रयोगांत ही ग्रंथी काढल्यावर अखंड अंधारातील त्यांची दिनचर्येची लय नष्ट झाली. ऋतुचर्येची यंत्रणा त्याहून खोल, मेंदूच्या अंतर्भागात आहे. जपानमधील ताकाशी योशिमुरा व सहकाऱ्यांनी जपानी लाव्यावर केलेल्या २००३ व २००८ सालच्या संशोधनानुसार, दिवस मोठा होताच पीयूषिकेच्या एका भागातून टी.एस.एच. स्रवते व ते अवटु ग्रंथीकडे न जाता मेंदूच्याच दिशेने उलट काम करते. तेथे थायरॉक्सिनचे अधिक प्रभावी रूपात परिवर्तन होते आणि प्रजनन ग्रंथी जागृत होतात. टी.एस.एच. म्हटले की केवळ अवटु ग्रंथी डोळ्यांपुढे आणणाऱ्या आपल्या सवयीला हा चांगलाच धक्का आहे.

प्रजनन ग्रंथी

नर पक्ष्याचे वृषण उदरातच, वृक्काच्या वरच्या भागाजवळ असतात. ऋतुमानाने प्रजनन करणाऱ्या पक्ष्यांत ते एरवी अगदी लहान असून विणीच्या हंगामात अनेक पटींनी वाढतात. बहुतेक मादी पक्ष्यांत केवळ डावा बीजकोश विकसित होतो, उजवा अवशेषरूपाने राहतो. किवी व अनेक शिकारी पक्षी हे अपवाद होत. कोंबडीचा डावा बीजकोश रोगाने नष्ट झाला तर उजव्या बाजूचा अवशेष वाढून वृषणासदृश होऊ शकतो व ती कोंबडी आरवूही लागते.

परंतु संप्रेरकांच्याही सामर्थ्याला मर्यादा आहे. २०१० साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी अर्धे शरीर कोंबड्याचे व अर्धे कोंबडीचे असलेल्या दुर्मीळ पक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही अर्धांतून रक्त एकच फिरत होते, संप्रेरके एकच होती. तरी दोन्ही बाजूंच्या पेशींनी आपापले लिंग सोडले नाही. स्राव हे कारण खरेच, पण तो ग्रहण करणाऱ्या धातूची स्वतःची प्रकृतीही तितकीच निर्णायक असते.

रुग्णांचा एक प्रश्न

"ब्रॉयलर कोंबडीला हॉर्मोनची इंजेक्शने देतात, म्हणून मुली लवकर वयात येतात व पी.सी.ओ.डी. होते, हे खरे का?" हा प्रश्न आम्हांस चिकित्सालयात नेहमी विचारला जातो, आपणांसही विचारला जात असेल. उत्तर देताना पुढील मुद्दे उपयोगी पडावेत.

१. या शंकेला इतिहास आहे. अमेरिकेत पूर्वी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनच्या गोळ्या कोंबड्यांच्या मानेच्या त्वचेखाली बसविल्या जात. १९५९ साली तेथे कोंबड्यांत त्याचा वापर बंद करण्यात आला.

२. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे. खाद्यातून दिल्यास ते पचून जाते. हजारो पक्ष्यांना प्रत्येकी वारंवार सूचिकाभरण करणे व्यवहारात परवडणारे नाही.

३. जलद वाढीचे मुख्य कारण निवडक पैदास हे आहे. कॅनडात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५७, १९७८ व २००५ या वर्षांच्या वाणांना समान आहार देऊन वाढविले गेले. ५६ दिवसांनी त्यांचे सरासरी वजन अनुक्रमे ९०५, १,८०८ व ४,२०२ ग्रॅम भरले. आहार तोच असता फरक बीजाचा होता.

४. खरी चिंता प्रतिजैविकांच्या अतिवापराची आहे. कोलिस्टिन या महत्त्वाच्या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांतील वापर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये प्रतिबंधित केला, तो याच कारणास्तव.

चरकसंहितेत कुक्कुटमांस स्निग्ध, उष्ण, वृष्य व बृंहण सांगितले आहे. बैठी जीवनशैली, मेदोवृद्धी व मंदाग्नी असलेल्या मुलीस ते नित्य व अतिमात्रेत योग्य नाही, हे सांगण्यासाठी आपले शास्त्र पुरेसे समर्थ आहे. त्यास इंजेक्शनाच्या वदंतीचा आधार घेण्याची आवश्यकता नाही. वदंतीवर उभारलेले पथ्य रुग्ण एक दिवस सोडून देतो, आणि त्याबरोबर वैद्यावरील विश्वासही.

उपसंहार

पक्ष्यांच्या ग्रंथींचे अवलोकन करता असे दिसते की निसर्गाने स्राव जपले, मांडणी मात्र मोकळेपणाने बदलली. अवटु ग्रंथी खाली सरकली, 'सी' पेशी स्वतंत्र राहिल्या, अधिवृक्काचे थर विरघळले, डावा बीजकोश एकटाच राहिला. तरी देहाचा व्यवहार सुरळीत चालला. यावरून, कर्मावर आधारलेली संकल्पना एखाद्या अवयवाच्या खुंटीला टांगणे उचित नाही, असे आमचे मत आहे. धात्वग्नी ही परिवर्तनाच्या कर्माची संज्ञा आहे. तिला अवटु ग्रंथीत कोंडले तर संकल्पनेचा संकोच होतो आणि आधुनिक शारीराचाही विपर्यास होतो.

चरकाचार्यांनी पक्ष्यांचे वर्ग पाडताना हीच दृष्टी ठेवली आहे. पायांनी उकरून विखरून खाणारे ते विष्किर, चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद, झडप घालून हिसकावून खाणारे ते प्रसह. वर्गीकरणाचा आधार अवयवांची ठेवण नसून आचरण, म्हणजेच कर्म, हा आहे. ग्रंथी व दोष-धातू-अग्नी यांचा संबंध शोधणाऱ्या वैद्यांनीही प्रथम कर्माची तुलना करावी, एकाहून अधिक प्राण्यांत ती पडताळावी व मगच स्थानाविषयी बोलावे. शारीर विभागातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मानवी नमुन्याशेजारी कोंबडीचे एक विच्छेदन दाखविल्यास हा विवेक पुस्तकापेक्षा लवकर अंगी बाणेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.